ओल्या फरशीची खरी हकीकत

माझ्या पडण्याची जी हकीकत चिखली शहरात प्रसिद्ध आहे, ती खोटी आहे. ती माझ्याच तोंडून निघालेली असल्यामुळे खोडून काढण्याचे कामही माझ्याकडेच आले. तीस वर्षे मी येथील एका कन्याशाळेत शिकवले. त्यांतील अठरा वर्षे शिस्तीचे खाते माझ्याकडे होते. खोटे बोलणाऱ्या मुलीला मी तासभर बाकावर उभी करीत असे. त्या मुली आता सासवा झाल्या आहेत. त्यांनी हे वाचू नये अशी माझी इच्छा आहे. परंतु त्याच वाचतील, हेही मला ठाऊक आहे.

प्रसिद्ध हकीकत अशी की, माझी सून रुख्मिणी हिने स्वयंपाकघराची फरशी पुसली, कोरडी केली नाही, आणि सासूबाई सुभद्राबाई, म्हणजे मी, घसरून पडले व माझे खुब्याचे हाड मोडले. या वाक्याचा शेवटचा भाग तेवढा खरा आहे. एक्स-रे उपलब्ध आहे.

खरी हकीकत ऑगस्टमधल्या एका शुक्रवारची आहे. रक्तदाबाच्या कारणावरून डॉक्टरांनी माझे लोणचे बंद केले होते, आणि माझा मुलगा सागर याने आंब्याच्या लोणच्याची बरणी स्वयंपाकघरातील सर्वांत वरच्या फळीवर नेऊन ठेवली होती. लोणचे मी घातलेले. बरणी माझी. तिच्या तोंडावर बांधलेला दादरा, म्हणजे झाकणावरचे पांढरे फडके, तोही मीच शिवलेला, कडेने लाल दोऱ्याची टीप घातलेला. अशी बरणी मुलाने आईच्या हाताबाहेर ठेवावी, हे मला गृहव्यवस्थेच्या दृष्टीने अयोग्य वाटले. सागर आपल्या बियाण्यांच्या दुकानात होता. रुख्मिणी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी स्टुलावर चढले. चढणे उत्तम झाले, याची नोंद व्हावी. बरणी हातात आली. उतरताना मात्र स्टुलाने माझ्याशी असहमती दाखवली, आणि आधी मी, मग बरणी, मग स्टूल अशा ज्येष्ठताक्रमाने आम्ही खाली आलो.

रुख्मिणी धावत आली. तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "आई!" माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "पूस."

"अवं आई, तुमचा पाय पाहा ना कसा फिरला! थांबा, ह्यायले बोलावते."

"पाय कुठे जात नाही. आधी लोणचे पूस. सागरने हे पाहता कामा नये."

वीस वर्षांत तिने माझा शब्द मोडलेला नव्हता. त्या दिवशी मोडला असता तर फार उपकार झाले असते. तिने बरणीचे तुकडे गोळा केले, तेल आणि मसाला साबणाच्या पाण्याने दोनदा पुसला, स्टूल जागेवर नेले, आणि हे सर्व करताना ती रडत होती. मी आडवी पडून, फ्रिजखाली एक फोड गेली आहे, हे तिला बोटाने दाखवीत होते.

मग सागर आला. दारातच त्याचा पाय सरकला आणि त्याने फ्रिजला मिठी मारली.

"फरशी ओली काऊन आहे वं? कितीकदा सांगतलं तुले, पुसल्यावर कोरडं करत जा म्हणून!" असे तो बायकोवर ओरडला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, घसरली काय तू?"

हीच ती वेळ होती. मी डोळे मिटले आणि "हो" म्हटले. रुख्मिणीकडे पाहिले नाही. पुढचे सर्व रामायण या एका अक्षरातून निघाले आहे.

बुलढाण्याच्या एका रुग्णालयात माझ्या खुब्यात धातूचा गोळा बसवण्यात आला. दहाव्या दिवशी मला घरी सोडताना डॉक्टरांनी जे सांगितले ते असे: सहा आठवडे खाली बसायचे नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, वॉकरशिवाय एक पाऊलही टाकायचे नाही, आणि मुख्य म्हणजे रोज चालायचे, वाढवत वाढवत चालायचे. "घाबरून खाटेवर बसून राहिलात, तर पाय आखडेल. मग मी काही करू शकणार नाही," असे ते म्हणाले. ज्या बाईला बघून मुली व्हरांड्यात भिंतीला चिकटत, तिला हा माणूस "घाबरून" असा शब्द वापरतो, याचेच मला अधिक वाईट वाटले.

वॉकर ही वस्तू आपण पाहिली असेल. चार पायांची, ॲल्युमिनियमची, तळाला रबरी बुटे असलेली. ती हातात धरून माणूस उभा राहिला की गुन्हेगार कठड्यात उभा असल्यासारखा दिसतो. मी तिला पहिल्या दिवशीच दाराआड ठेवले आणि आज्ञा केली की कोणी भेटायला आले तर ती दिसता कामा नये.

आणि भेटायला कोण आले नाही? आपल्याकडे माणूस रुग्णालयातून घरी आला की खरा आजार सुरू होतो. शहाळी, बिस्किटांचे पुडे आणि सल्ले यांची रीघ लागली. एकीने मेथीचे लाडू आणले, दुसरीने मेथी या हाडाला चालत नाही म्हणून ते स्वतःच खाल्ले. एका गृहस्थांनी खाटेच्या पायथ्याशी विटा लावा म्हटले, तर त्यांच्या पत्नीने त्या विटा उशाकडे असाव्यात असे सांगितले. ते भांडण मिटेपर्यंत मी तिरकी झोपले. जळगाव जामोदकडे एक वैद्य नुसत्या नजरेने हाड बसवतात असेही कळले. गोळा बसवल्यावर कळले, एवढेच.

प्रत्येकाचा पहिला प्रश्न मात्र एकच असे: "कशा काय पडल्या?"

सुरुवातीस मी "जरा ओलसर होते" एवढेच म्हणत असे. परंतु श्रोता दोन किलोमीटर चालून आलेला असतो; त्याला एवढ्यावर परत पाठवणे बरे दिसत नाही. आठवडाभरात फरशीवर पाणी साचले. दुसऱ्या आठवड्यात त्यात साबण आला. साबणाचा भाग खरा होता, त्यामुळे तो सांगताना माझ्या आवाजाला एक प्रामाणिक धार येत असे.

समोरच्या घरातील पुष्पाबाई रोज येत आणि प्रत्येक नव्या पाहुण्यासाठी कथा पुन्हा ऐकत. चहा घेऊन रुख्मिणी आली की त्या म्हणत, "काय वं पोरी, दोन मिनिटं कोरडं फडकं फिरवाले हात दुखत होते काय?"

"चुकलं काकू," रुख्मिणी म्हणे, आणि ट्रे ठेवून आत जाई.

हे "चुकलं" मी मोजत नव्हते, परंतु माझी खाट स्वयंपाकघराच्या दाराशी असल्यामुळे ते प्रत्येक वेळी माझ्यावरून जात असे.

इकडे सागरने घर सुरक्षित करण्याचे काम हाती घेतले. ज्या घरात मी आयुष्यात कधी घसरले नव्हते, ते घर मी घसरू नये म्हणून उकरण्यात आले. न्हाणीघराच्या गुळगुळीत फरशीला गवंड्याने छिन्नीने असे टाके मारले की पाय धुतला की पायच खरचटे. भिंतींना आधाराच्या स्टीलच्या दांड्या बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांवर घरातले सगळे टॉवेल वाळू लागले, आणि मी आधारासाठी हात टाकला तेव्हा माझ्या हातात सागरचा बनियन आला. स्वयंपाकघरात रबरी चटया अंथरल्या. त्यांची एक कड वर वळलेली होती, तिला अडखळून सागर स्वतः पडला. त्याने तोही दोष फरशीला दिला आणि घरात यापुढे पाणी लावून पुसणे बंद, असा हुकूम काढला. वरण सांडले तरी रुख्मिणी ते कागदाने टिपू लागली. मी तिच्याकडे पाहणे टाळत होते. एका खोलीत राहून एखाद्या माणसाकडे न पाहणे हे फार कष्टाचे काम आहे. माझ्या पायापेक्षा माझी मान अधिक दुखत असे.

व्यायाम शिकवायला प्रसेनजित नावाचा फिजिओथेरपिस्ट दिवसाआड येत असे. तिशीतला, हसतमुख, आणि माझा अजिबात धाक न वाटणारा.

"बाई, हा वॉकर दाराआड काऊन ठेवला?"

"दाराला टेकू म्हणून."

"दाराचं बी हाड मोडलं काय?" असे म्हणून त्याने ती वस्तू बाहेर काढली. "आज गल्लीत जाऊ. समोर पुष्पाकाकूंपर्यंत. नुसती चाळीस पावलं."

"मी घरातल्या घरात चालेन."

"घरात तुम्ही खाटेपासून खुर्चीपर्यंत जाता. त्याले चालणं नाही म्हणत, त्याले जागा बदलणं म्हणतात." मग त्याने माझा पाय हळूच वाकवला. पाय जेथपर्यंत जायला हवा होता, तेथपर्यंत गेला नाही. त्याचा चेहरा गंभीर झाला. "बाई, हा आखडून राह्यला. आता बाहेर नाही निघाल्या तर वॉकर जन्मभर राहीन. लोकायची लाज वाटते काय?"

"मला कोणाची लाज वाटत नाही."

"तेच म्हटलं मी. माही आई महामाया तुमच्याच वर्गात होती. ती सांगते, बाईंसमोर खोटं बोललं की बाईंना वासच येत होता."

त्या दिवशी मी व्यायाम अर्धवट सोडला. पाय दुखतो, असे सांगितले. तेही खोटेच होते.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात महादेवराव आले. महादेवराव हे आमच्या उत्तरायण ज्येष्ठ मंडळाचे अध्यक्ष. सेवेत असताना ते एका बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करीत. आता स्थानक सुटले आहे, घोषणा सुटलेली नाही. त्यांनी माझी हकीकत डोळे मिटून ऐकली आणि खोलीतल्या चौघांना उद्देशून जाहीर केले, "सुभद्राबाई, हा तुमचा एकटीचा अपघात नाही! हा समाजाचा प्रश्न आहे!" एक ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनी मंडळ "ओल्या फरशीविरुद्ध अभियान" सुरू करील आणि माझे व्याख्यान ठेवील, असे ठरले. ठरले म्हणजे त्यांनी ठरवले. मी "नको" म्हणण्यासाठी तोंड उघडले, परंतु नको का, हे सांगण्यासारखे कारण माझ्यापाशी एकच होते.

चार दिवसांनी मोठ्या चौकात फलक लागला. मी तो पाहिला नाही. सागरने मोबाईलवर दाखवला. दहा फूट रुंद. मधोमध माझे निवृत्तीच्या वेळचे छायाचित्र, भोवती फुलांची कमान, आणि खाली महादेवरावांची स्वरचित कविता:

पुसली फरशी, सुकली नाही,
सासू पडली, उठली नाही!
सूनबाई, आता तरी जागी हो!

वृत्त बरे साधले होते. परंतु फुलांच्या कमानीत फोटो आणि खाली "उठली नाही" हे वाचून लोकांनी जो अर्थ घ्यायचा तो घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या माहेरहून, वरवट बकालहून, जीपभर माणसे आली. पुढे माझा भाचा गोविंदा, डोक्याला पांढरा रुमाल, डोळे सुजलेले. दारात पाऊल टाकतो तो समोर मी खाटेवर बसून शहाळे पीत आहे.

"आत्या!" तो किंचाळला. मागच्या बायकांनी दाबून आणलेले रडणे वाया जाऊ नये म्हणून आनंदाने रडून घेतले. त्या सर्वांचा स्वयंपाक रुख्मिणीने केला. जेवून निघताना गोविंदा तिला म्हणाला, "वहिनी, आत्या वाचली म्हणून तुम्ही वाचल्या. नाहीतर आमी काही ऐकून घेणारे नव्हतो."

"चुकलं भाऊजी," रुख्मिणी म्हणाली.

मी शहाळ्यातली नळी चावत होते. एवढा वेळ चावली की ती तुटली.

तो फलक उतरवलाच पाहिजे, असे मी ठरवले. फलकांचे परवाने देणारी जी कचेरी आहे, तिचे नाव मी लिहीत नाही. मला अजून याच शहरात राहायचे आहे. मी तीन परिच्छेदांचा, सुवाच्य अक्षरातला अर्ज लिहिला. कारणाच्या जागी "वैयक्तिक" असे लिहिले. परंतु तो नेऊन देणार कोण? सागरला कारण सांगावे लागले असते. मी स्वतः जायचे तर हातात ती चार पायांची वस्तू घेऊन, सगळ्या बाजारातून. तेव्हा तो अर्ज मी रुख्मिणीच्या हाती दिला. आता लिहिताना माझे कान तापत आहेत, परंतु दिला.

ती दोन तासांनी परत आली आणि अर्ज माझ्या उशाशी ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणे, परवानगी मंडळानं घेतली, तर अर्ज बी मंडळानंच द्यायचा. नाहीतर फोटोतल्या बाईनं स्वतः यायचं, ओळखपत्र घेऊन. म्हणे, पाच तारखेपर्यंत मुदत आहे, तवर फलकाले हात लावला तर लावणाऱ्यावरच कारवाई."

"बस, एवढेच?"

तिने पदराने कपाळ पुसले. "तिथल्या एका भाऊनं विचारलं, त्या फरशीवाल्या सूनबाई तुमीच काय? मंग सगळे पाहाले लागले. म्हणे, फलक काढाले तुमालेच घाई असन, ताई, समजते आमाले."

मी अर्ज उशीखाली सरकवला. ती आत गेली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, पाच झाल्या, सात झाल्या. तिच्या हातून वरण करपल्याची ती पहिली वेळ होती.

एक ऑक्टोबरला मला मोटारीतून सभागृहात नेण्यात आले. श्रोते येण्यापूर्वीच मला व्यासपीठावरच्या खुर्चीत बसवावे आणि वॉकर पडद्यामागे ठेवावा, अशी व्यवस्था मी करवून घेतली होती. सभागृह भरले. पहिल्या रांगेत पुष्पाबाई, तिसऱ्या रांगेत माझ्या जुन्या विद्यार्थिनींची एक अख्खी तुकडी. रुख्मिणी सर्वांत मागे, चपला काढतात त्या दाराशी, उभी. बसायला जागा होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

महादेवरावांनी माझी ओळख करून देताना त्या फरशीवर गुडघाभर पाणी आणले. मग ध्वनिक्षेपक माझ्या हातात आला. मी भाषण लिहून नेले होते: "गृहसुरक्षा आणि नव्या पिढीची जबाबदारी." कागद उघडला. वर पाहिले तो थेट दार दिसले, आणि त्या दारातल्या बाईकडे मी दीड महिन्यानंतर प्रथमच सरळ पाहिले. ती माझ्याकडेच पाहत होती. तक्रार नव्हती त्या नजरेत. तक्रार असती तर मी भाषण वाचले असते.

"माझी हकीकत खोटी आहे," मी म्हटले.

ध्वनिक्षेपकाने शिटी वाजवली. मी पुन्हा म्हटले. आणि मग जन्मभर जपलेली शुद्ध भाषा मला सोडून गेली.

"फरशी ओली नव्हती. मी स्टुलावर चढली होती. मले लोणचं पाह्यजे होतं. बरणी घेऊन पडली, अन् पोरगं पाहीन म्हणून मीच तिले पुसाले लावलं. म्हणून ओली होती. तिचा काही दोष नाही. मी खोटं बोलली. खोटं बोलणाऱ्या पोरीले मी बाकावर उभी करत होती. आज मले बाकावर चढता येत नाही, नाहीतर चढली असती."

मी ध्वनिक्षेपक खाली ठेवला. मला वाटले, संपले. वाईट झाले, परंतु संपले.

तेवढ्यात महादेवराव उठले. "बघा!" ते गरजले. "याला म्हणतात सासू! सुनेचा गुन्हा आपल्या अंगावर घेतला! कोणासाठी? घराच्या अब्रूसाठी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुष्पाबाई पदर डोळ्यांना लावून म्हणत होत्या, "स्टुलावर म्हणे! ह्या वयात! खोटं बी बोलता येत नाही बिचारीले!" माझ्या विद्यार्थिनी उभ्या राहिल्या. मी "नाही, नाही, ऐका" म्हणत होते, आणि माझ्या "नाही" ला विनय समजून टाळ्या वाढत होत्या. माझ्या क्षमाशीलतेबद्दल मला आणखी एक शाल देण्यात आली. आयुष्यभर या शहराने माझा प्रत्येक शब्द खरा मानला, आणि ज्या दिवशी मी खरे बोलले त्याच दिवशी मानला नाही. दाराशी पाहिले तर रुख्मिणी चपला घालत होती. जाता जाता एक बाई तिच्या खांद्याला मुद्दाम धक्का देऊन गेली.

सागरने मात्र ऐकले होते. गाडीत तो एकच वाक्य बोलला, "आई, मी दीड महिना तिच्यासंगं नीट बोललो नाही." पुढे घरापर्यंत त्याने गाडीचा गिअर उगाचच बदलत ठेवला.

घरी आल्यावर मी रुख्मिणीला हाक मारली. "तू सांग त्यांना. तुझे तरी ऐकतील."

"मी सांगतलं तर म्हणतील, आता सून सासूवर ढकलून राह्यली."

हे खरे होते. ती आत गेली आणि डाळीच्या डब्यामागून एक घडी केलेले फडके घेऊन आली. लाल टीपेचा दादरा. मधोमध तेलाचा आणि हळदीचा मोठा पिवळा डाग.

"दोनदा धुतला. जात नाही," ती म्हणाली. "तुमी शिवलेला होता, म्हणून फेकला नाही."

मी तो हातात घेतला. मी म्हटले, "तुला माझा फार राग आला असेल."

"लोकायचं काही नाही, आई. लोक काय, आज हे बोलतात, उद्या दुसऱ्याचं बोलतील." ती चटईची वळलेली कड पायाने दाबत होती. "पण त्या दिवशी तुमी 'हो' म्हटलं अन् माह्याकडं पाह्यलंच नाही. एकदा पाह्यलं असतं तं मी सारं जन्मभर माह्या अंगावर घेतलं असतं."

मी दादऱ्याची घडी घातली आणि तो उशाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेसून तयार झाले आणि दाराआडून वॉकर स्वतः बाहेर काढला. त्याच्या आडव्या दांडीला तो दादरा बांधला, सर्वांना डाग दिसेल असा. दरवर्षी जूनमध्ये आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरी मी एक लहान बरणी पाठवते, आणि तिच्यावर लाल टीपेचा दादरा असतोच. माझी सही ओळखणार नाहीत पण दादरा ओळखतील. रुख्मिणी माझ्या मागे एक पाऊल चालत होती. मी तिला शेजारी यायला सांगितले. सांगितले म्हणजे, येशील का, असे विचारले.

चाळीस पावले. गल्ली बघत होती. खिडक्या उघडत होत्या. कोणीतरी मोबाईल काढला. वॉकरची रबरी बुटे खडीवर असा आवाज करीत होती की न बघणाऱ्यानेही बघावे. पुष्पाबाई पायरीवर भाजी निवडत होत्या.

"अगं बाई! तुमी कायले आल्या, मीच आली असती ना!"

"पुष्पाबाई, काल मी खरे बोलले. हे बघा."

त्यांनी दादरा पाहिला. डाग पाहिला. हात लावला, बोटाचा वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जो प्रकाश पडला, तसा माझ्या वर्गात क्वचितच कोणाच्या चेहऱ्यावर पडला असेल.

"म्हणजे खरंच लोणचं?"

"खरंच."

"अख्खी बरणी?"

"अख्खी."

पुष्पाबाईंनी कपाळाला हात लावला. "अवं, ह्या वर्षीचं? त्या गोटी आंब्याचं? आमाले एवढीशी बरणी देल्ली अन् एवढं लोणचं फरशीवर सांडलं?" माझे खोटे त्यांनी एका क्षणात माफ केले, लोणचे अजून माफ केलेले नाही. मग त्या रुख्मिणीकडे वळल्या. ओटीतल्या पालकाची निवडलेली जुडी उचलून तिच्या हातात दिली. "घे वं. निवडेल आहे," एवढेच म्हणाल्या.

गल्लीत सतरा घरे आहेत. सर्वांनी पायरीवर खुर्ची आणली, सर्वांना मी तेच सांगितले, आणि कोणत्याही घरी ते सांगणे सोपे गेले नाही. नवव्या घरातली मीराबाई माझी एकेकाळची आठवीची विद्यार्थिनी. सर्व ऐकून ती म्हणाली, "बाई, मंग आता एक सांगू? मी तो डबा खरंच चोरला नव्हता." मी तिचीही क्षमा मागितली. तिने ती लगेच दिली नाही. विचार करून सांगते म्हणाली.

बाराव्या घरापाशी प्रसेनजितची मोटारसायकल थांबली. तो डोळे विस्फारून बघत राहिला.

"बाई! किती झाले?"

"अकरा घरे. सहा बाकी आहेत."

त्याने माझ्या पायाकडे पाहिले, वॉकरकडे पाहिले, दांडीवरच्या फडक्याकडे पाहिले. गाडी बाजूला लावून तो उरलेल्या सहा घरांपर्यंत मागून चालत आला. शेवटच्या पायरीवर त्याने माझा गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाला, "आता वाकते."

फलक पाच तारखेला, मुदत संपल्यावर, नियमाप्रमाणे उतरला. महादेवरावांनी तो आठवण म्हणून आमच्याकडे पाठवला. रुख्मिणीने तो गच्चीवर उलटा अंथरून त्यावर मुगाच्या वड्या वाळत घातल्या आहेत. माझे तोंड खाली आहे. हे योग्यच आहे.

सागरने अंथरलेल्या चटया उचलल्या गेल्या, फरशी पुन्हा पाण्याने पुसली जाऊ लागली. काल दुपारी पाहिले तर पुष्पाबाईंनी उदार मनाने परत पाठवलेली लोणच्याची बरणी सर्वांत खालच्या फळीवर, माझ्या हाताशी होती. दादरा नवा होता, रुख्मिणीने शिवलेला. टीप थोडी वाकडी होती. मी त्याबद्दल बोलले नाही.

माझा हात बरणीकडे गेला, आणि परत आला.

"रुख्मिणी," मी म्हटले, "मला एक फोड देशील का?"

तिने वळून माझ्याकडे पाहिले. वीस वर्षांत मी तिला आज्ञा दिल्या होत्या. तिच्याकडे काही मागितले नव्हते. ती बराच वेळ पाहत राहिली. मीही मान वळवली नाही.

"नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांनी नाही म्हटलं."

"बरं," मी म्हटले, आणि वॉकर धरून सावकाश परत खुर्चीकडे गेले.